घनमीटरचे लिटर करताना शंभराने गुणायचे की हजाराने? शेततळ्याच्या हिशेबावरून पडलेला प्रश्न

वर्गशिक्षिका, हिंगोली जिल्हा

नमस्कार. मी एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. एककांच्या रूपांतराचा पाठ दरवर्षी आठ दिवसांत संपतो आणि मुले तो तितक्याच दिवसांत विसरतात, हे मी आता गृहीतच धरले आहे. पण यंदा सातवीतल्या एका मुलाने असा हिशेब करून आणला की तो तपासताना माझीच पंचाईत झाली.

मुलांना मी घरच्या किंवा शेतातल्या वस्तूंची मापे घेऊन स्वतः उदाहरणे तयार करायला सांगितली होती. या मुलाच्या वडिलांनी गेल्या वर्षी शेततळे घेतले आहे. त्याने वहीत लिहिले होते : लांबी २० मीटर, रुंदी २० मीटर, खोली ३ मीटर, म्हणून पाणी १,२०० घनमीटर, एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, म्हणून १,२०० ला १०० ने गुणले, पाणी १,२०,००० लिटर. त्याखाली त्यानेच पेन्सिलीने बारीक अक्षरात जोडले होते, ‘पण बाबा पावणेनऊ लाख म्हणतात.’ मी लाल शाईने १०० चे १,००० केले, तर उत्तर बारा लाख लिटर आले. म्हणजे मुलाचा आकडा वडिलांच्या आकड्याच्या कितीतरी खाली आणि माझा त्यांच्यापेक्षा सव्वातीन लाखांनी वर. वडिलांना तो आकडा तळे खोदणाऱ्याने सांगितलेला आहे, त्यामुळे तो ऐकीव असेल असे समजून मी विषय सोडून देऊ शकले असते, पण मुलगा रोज विचारतो.

दुसरी अडचण अशी की ‘किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली’ ही शिडी मुले पाढ्यासारखी म्हणतात आणि लांबीचे रूपांतर बिनचूक करतात. तेच क्षेत्रफळ आले की चौरस मीटरलाही तीच शिडी लावतात आणि ५,००० चौरस सेंटिमीटरचे ५० चौरस मीटर करून मोकळी होतात. दशांशचिन्ह दुप्पट घरे सरकवायचे हा नियम मी सांगते, परंतु तो त्यांना दिसत नाही. शिवाय एका मुलीने विचारले, “बाई, डेकामीटर कुठे असतो?” आणि मला खरोखरच एकही जागा सांगता आली नाही.

तिसरे, त्याच मुलाने घरच्या जमिनीचे क्षेत्र सातबाऱ्यावरून ‘०.८१.००’ असे उतरवून आणले आहे आणि घरी सगळे तिला दोन एकर म्हणतात. या दोन ठिपक्यांच्या संख्येचे काय करायचे, ते कृपया कोणी समजावून सांगावे.

निवृत्त शाखा अभियंता, परभणी

बाई, तुम्ही केलेले १,००० बरोबर आहेत आणि त्या मुलाच्या वडिलांचे पावणेनऊ लाखही बरोबर आहेत. मधला सव्वातीन लाखांचा घोटाळा तळ्याच्या आकारामुळे झाला आहे. शेततळ्याच्या बाजू हौदासारख्या उभ्या कापल्या तर एकदोन पावसांत ढासळतात, म्हणून त्यांना उतार देतात; आणि उतार १:१ असेल तर तीन मीटर खाली जाईपर्यंत प्रत्येक बाजू तीन मीटर आत सरकते. त्यामुळे वर २० × २० असलेले तळे तळाशी १४ × १४ एवढेच उरते. वरचे क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर, तळाचे १९६ आणि बरोबर मध्यावरचे, म्हणजे १७ × १७ चे, २८९. अशा खोदाईसाठी आम्ही वरचे एकदा, मधले चार वेळा आणि तळाचे एकदा धरून बेरीज करतो, तिला सहाने भागतो आणि खोलीने गुणतो. ४०० अधिक १,१५६ अधिक १९६ म्हणजे १,७५२. त्याला ६ ने भागून ३ ने गुणले की ८७६ घनमीटर, अर्थात ८,७६,००० लिटर. सातवीच्या मुलाला हे सूत्र देण्याची गरज नाही. त्याने मधलेच माप धरून १७ × १७ × ३ केले तरी ८६७ घनमीटर येतात, आणि एवढ्या मोठ्या खड्ड्यात नऊ घनमीटरांच्या फरकावरून कोणी भांडत नाही.

आता १०० की १,०००, याविषयी. मुलाच्या वहीतले ‘एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर’ हे वाक्य खरे आहे, फक्त ते दोऱ्याबद्दलचे वाक्य आहे आणि त्याने ते खड्ड्याला लावले. लिटर म्हणजे नेमका केवढा ठोकळा हे मुलांनी हातात धरल्याशिवाय त्यांना यातली गंमत कळणार नाही. जाड पुठ्ठ्याची, आतून प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर भरेल अशी वरून उघडी पेटी करा, तिच्यात प्लास्टिकची पिशवी बसवा आणि एक लिटरची बाटली तिच्यात ओता. पाणी काठोकाठ येऊन थांबते. त्या पेटीची बाजू म्हणजे एक डेसिमीटर, आणि शिडीवरची ती पायरी कोठे वापरतात असे कोणी विचारले तर दुधाची पिशवी दाखवावी; लिटर म्हणजे घन डेसिमीटरच. (१९०१ पासून १९६४ पर्यंत लिटरची व्याख्या एक किलो पाण्याच्या आकारमानावर बेतलेली होती आणि ते आकारमान घन डेसिमीटरपेक्षा अगदी किंचित जास्त भरत असे, १९६४ मध्ये दोन्ही पुन्हा एक केले. मुलांना हे सांगू नये, पण आपल्याला ठाऊक असावे.)

नंतर तुराट्या घ्या. एकेक मीटरच्या बारा तुराट्या मोजून कापा आणि सुतळीने बांधून त्यांचा चौकोनी सांगाडा उभा करा. हा झाला एक घनमीटर. त्याच्या तळाला एका कडेने पुठ्ठ्याच्या दहा पेट्या बसतात. अशा दहा ओळी मांडल्या की तळ भरतो, म्हणजे शंभर पेट्या झाल्या. तुमच्या विद्यार्थ्याचे १०० इथे संपतात. त्याने तळ भरला, मात्र अजून नऊ थर रचायचे राहिले आहेत. लांबीत दहा, तळात शंभर, सांगाड्यात हजार ही चढण एकाच सांगाड्यावर बोट ठेवून दाखवता येते, आणि दशांशचिन्ह एक घर, दोन घरे, तीन घरे का सरकते हेही त्यातच येते. ५,००० चौरस सेंटिमीटरचेही तसेच आहे. सांगाड्याच्या तळाच्या चौरसात एकेक सेंटिमीटरच्या चौकटी एका ओळीत १०० आणि ओळीही १००, म्हणजे १०,००० बसतात. ५,००० म्हणजे त्या चौरसाचा अर्धा भाग, ०.५ चौरस मीटर. पन्नास चौरस मीटर तर तुमचा अख्खा वर्ग असेल.

मोठी मापे याच शिडीच्या वरच्या पायऱ्या आहेत. पैठणच्या जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी आहे असे आपण वाचतो. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, त्यामुळे हे पाणी २.१७ लाख कोटी लिटर होते. वर्तमानपत्रात त्याच्याच शेजारी ७६ टीएमसी छापतात, आणि तेथे मात्र आपण मेट्रिक सोडून घनफुटांत शिरतो : एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २८.३२ दलघमी. क्युसेकचेही तसेच, सेकंदाला एक घनफूट म्हणजे २८.३२ लिटर. एका क्युसेकचा प्रवाह त्या मुलाच्या तळ्यात सोडला तर ते भरायला साडेआठ तासांहून थोडा जास्त वेळ लागेल. आमची निम्मी नोकरी या दोन पद्धतींमध्ये ये-जा करण्यात गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले आणि सगळ्या देशाने ते पाहिले. घनमीटरांत ते ५०० भरते. तुमच्या विद्यार्थ्याचे तळे भरले तर त्यात त्या गाडीहून पुष्कळ जास्त पाणी मावते, हे त्याला अवश्य सांगा.

पावसाचे मिलिमीटरही मुलांना असेच दाखवता येतील. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी साचले तर ते बरोबर एक लिटर भरते. २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. तेवढ्या पावसात एका हेक्टरावर ६५० घनमीटर, म्हणजे साडेसहा लाख लिटर पाणी पडते.

माझ्या चुकीचीही नोंद करतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कालव्याच्या सेवा रस्त्याचे अंदाजपत्रक करताना मुरमाचा १५ सेंटिमीटरचा थर मी मीटरमध्ये ०.०१५ असा लिहिला. एक किलोमीटर लांबी आणि ३.७५ मीटर रुंदी धरून ५६२.५ घनमीटर यायला हवे होते, माझे ५६.२५ आले. साहेबांनी कागदाकडे पाहून एवढेच विचारले, “एवढ्या मुरमात रस्ता करायचा की रांगोळी काढायची?” तेव्हापासून मी आकडेमोड करण्याआधी उत्तर साधारण केवढे यावे, याचा तोंडी अंदाज बांधतो. मुलांकडूनही तो आधी वदवून घ्यावा, असे माझे मत आहे.

तंत्रनिकेतनचा विद्यार्थी, नांदेड

एवढी डोकेफोड कशासाठी करायची, हे मला समजत नाही. फोनमध्ये आकडा टाकला की कोणत्याही एककाचे कोणतेही एकक क्षणात मिळते. आमच्या प्रात्यक्षिकांतही आम्ही तेच करतो.

मोजणीदार, बीड जिल्हा

वरील मित्रास विनंती आहे की सातबाऱ्यावरचे ०.०५.०० हे क्षेत्र फोनमध्ये कसे टाकाल, ते सांगावे. बहुतेक जण ०.५ हेक्टर टाकतात आणि फोन त्यांना मोठ्या विश्वासाने सव्वा एकर जमीन देऊन टाकतो. प्रत्यक्षात ती पाच आर, म्हणजे पाच गुंठ्यांहूनही थोडी कमी असते. फोन बिचारा टाकलेल्या आकड्याचेच रूपांतर करतो.

आता ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि त्यातच डेकामीटरचा पत्ताही लागेल. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन घरांत लिहितात आणि मधले ठिपके त्या घरांच्या भिंती आहेत. ०.८१.०० म्हणजे शून्य हेक्टर, ८१ आर, शून्य चौरस मीटर. शंभर चौरस मीटरांचा एक आर आणि शंभर आरांचा एक हेक्टर होतो, म्हणूनच हेक्टर सोडून पुढच्या प्रत्येक घरात दोन आकडे लिहायचे आणि पाच आर असतील तर आधी शून्य घालायचे; ते शून्य खाल्ले गेले की वर सांगितला तसा सव्वा एकर तयार होतो.

हे शंभर-शंभर का, तर १० मीटर बाजू असलेला चौरस म्हणजे आर. दहा मीटर म्हणजेच डेकामीटर! लांबी मोजताना डेकामीटर कोणी म्हणत नाही हे खरे, पण त्याचा चौरस प्रत्येक शेतकऱ्याच्या उताऱ्यावर बसलेला आहे. तसेच १०० मीटर म्हणजे हेक्टोमीटर, आणि १०० मीटर बाजूचा चौरस म्हणजे हेक्टर. त्यापुढची पायरी किलोमीटर आणि त्याचा चौरस १०० हेक्टरांचा. ताईंच्या शिडीवरच्या ज्या दोन पायऱ्या मुलांना निकामी वाटतात, त्यांच्याच चौरसांवर आमच्या खात्याचा सगळा हिशेब चालतो. फ्रान्समध्ये १७९५ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, तेव्हा जमिनीसाठी नेमलेले माप हा आरच होता; ‘हेक्ट’ हे शंभराचे उपपद लागून त्याचा हेक्टर झाला. शाळेच्या मैदानावर फक्कीने दहा मीटर बाजूचा चौरस आखावा आणि त्यात मुलांना उभे करून ‘हा एक आर’ असे सांगावे. ज्यांच्या घरी जमीन आहे ती मुले हा आकार विसरणार नाहीत.

मात्र एका गोष्टीबद्दल सावध करतो. आमच्याकडे ‘आर म्हणजेच गुंठा’ असे सर्रास बोलले जाते आणि शेतीच्या रोजच्या बोलण्यात ते चालूनही जाते. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा आहे, तो १०१.१७ चौरस मीटर भरतो. आर १०० चौरस मीटरांचा. एका गुंठ्यात सव्वा चौरस मीटरहूनही कमी फरक पडतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. पण ४० गुंठ्यांचा एकर ४,०४६.८६ चौरस मीटर आणि ४० आर ४,००० चौरस मीटर, म्हणजे एकरामागे जवळजवळ ४७ चौरस मीटरांचा, पाचशे चौरस फुटांचा फरक झाला. शहरालगतच्या जमिनीत एवढ्या जागेत दोन खोल्यांचे घर उभे राहते. दोन एकर म्हणजे ८०.९४ आर, त्याचेच त्या मुलाच्या घरी ८१ झाले आहेत; उतारा आणि घरचे बोलणे यांत भांडण नाही.

दुसरा घोळ एकर-गुंठ्यांच्या लिखाणात होतो. ‘१.३० एकर’ असे कोणी लिहिले की त्याच्या मनात एक एकर तीस गुंठे असतात, म्हणजे पावणेदोन एकर. वाचणारा मात्र ते दशांश समजून सव्वा एकराच्या थोडे वर धरतो. गुंठे चाळीसाच्या हिशेबात चालतात, तेथे दशांशचिन्ह घालायची सोय नाही. १ एकर ३० गुंठे आणि १ एकर २५ गुंठे यांची बेरीज ३ एकर १५ गुंठे होते, आणि तोंडी करताना भलेभले चुकतात. त्याच जागी ०.६०.७५ आणि ०.४५.५० ही हेक्टरातली क्षेत्रे घ्या : ६०.७५ अधिक ४५.५० बरोबर १०६.२५ आर, म्हणजे १.०६.२५. साधी बेरीज, हातचाही नेहमीसारखाच. मेट्रिक पद्धती जमिनीत का आणली, याचे उत्तर मुलांना या एका बेरजेत मिळेल. माझे आजोबा, जे निजामाच्या राज्यात वाढले आणि ज्यांचे सगळे आयुष्य एकर-गुंठे आणि शेर-पायलीत गेले, ते शेवटपर्यंत हेक्टरला ‘सरकारी एकर’ म्हणत आणि त्यावर विश्वास ठेवत नसत. बेरीज मात्र माझ्याकडूनच करून घेत.

कृषी सेवा केंद्र, लातूर जिल्हा

मॅडम, शेतीच्या औषधांचे एक उदाहरण तुमच्या वर्गासाठी देतो, कारण यात चुकले तर वहीत लाल रेघ येत नाही, पीक करपते. तणनाशकाच्या बाटलीवरच्या माहितीपत्रकात मात्रा बहुधा हेक्टरी लिहिलेली असते. समजा, हेक्टरी १ लिटर औषध ५०० लिटर पाण्यातून, असे लिहिले आहे. शेतकरी मनात एकर धरून येतो, आणि तीच मात्रा एकराला मारली तर अडीच पट औषध पडते. दुकान सुरू केले त्या वर्षी एका गिऱ्हाइकाला मीच घाईत ‘बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घाला’ एवढेच सांगून पाठवले. आठ दिवसांनी त्याने सोयाबीनची पिवळी पडलेली झाडे मुळासकट उपटून आणून माझ्या टेबलावर ठेवली. नुकसान मी भरून दिले, पण तेव्हापासून प्रत्येक बाटलीवर स्केचपेनने एकराची आणि फवारणीच्या पंपाची मात्रा लिहून देतो.

हिशेब असा आहे. हेक्टरी १,००० मिलिलिटर, त्याला २.४७ ने भागले की एकरी साधारण ४०० मिलिलिटर. पाणी त्याच प्रमाणात २०० लिटर. म्हणजे लिटरला २ मिलिलिटर, आणि १६ लिटरच्या पंपाला ३२ मिलिलिटर. ही मात्रा मोजण्याच्या कपाने घ्यायची. बाटलीचे झाकण हे माप नव्हे, कारण प्रत्येक बाटलीचे झाकण वेगळे असते. एकराला साडेबारा पंप लागले तर हिशेब जुळला. ज्यांच्याकडे पेट्रोलवरचा पंप असतो ते एकराला बरेच कमी पाणी वापरतात, त्यांनी पंपाची संख्या आधी मोजावी आणि ४०० मिलिलिटर त्या संख्येने भागावेत; कायम धरायची ती एकराची मात्रा.

मिलिलिटर आणि ग्रॅम एकच, असेही पुष्कळ जण समजतात. ते पाण्यापुरते खरे आहे. भुकटीचे औषध वजनानेच घ्यावे लागते.

आमच्याकडे शेततळ्याचा कागद, म्हणजे तळ्यात अंथरायचे प्लास्टिकही मिळते, म्हणून त्या मुलासाठी आणखी एक हिशेब. कागदाची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतात; १,००० मायक्रॉनचा एक मिलिमीटर, त्यामुळे ५०० मायक्रॉनचा कागद अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्या तळ्याचा तळ १४ मीटर आणि दोन्ही बाजूंचा उतार प्रत्येकी सव्वाचार मीटर. काठावरच्या चरात दाबायला दोन्हीकडे एकेक मीटर धरला तर साडेचोवीस मीटर बाजूचा, म्हणजे ६०० चौरस मीटरचा कागद लागतो. या प्लास्टिकचे वजन घन सेंटिमीटरला सुमारे ०.९४ ग्रॅम असते. एक चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर आणि जाडी ०.०५ सेंटिमीटर, यावरून ५०० घन सेंटिमीटर, म्हणजे ४७० ग्रॅम. अख्खा कागद २८२ किलोच्या आसपास भरायला हवा. वजनात बराच कमी भरला तर जाडी कमी आहे असे समजावे आणि कागद उलगडण्यापूर्वीच दुकानदाराला गाठावे. आम्ही दुकानदार हे स्वतःहून सांगत नाही, पण शाळेच्या कामासाठी सांगितले.

वर्गशिक्षिका, हिंगोली जिल्हा

सर्वांचे मनापासून आभार. पुठ्ठ्याची पेटी आणि तुराट्यांचा सांगाडा शनिवारी केला. पेटी पहिल्यांदा गळली, कारण मापे बाहेरून घेतली होती आणि पिशवी पुरली नाही. दुसऱ्या वेळी बाटलीतले पाणी काठाला येऊन थांबले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. सांगाड्यात चार मुले गुडघे पोटाशी घेऊन बसली. थर मोजताना शेततळेवाला मुलगा दहावर थांबला, मग शंभरावर थांबला आणि मग कोणी न सांगता त्याने वहीतले १०० खोडले. मैदानावर एक आरही आखला. आमच्या वर्गखोलीत तो मावत नाही हे पाहून डेकामीटर विचारणाऱ्या मुलीचे समाधान झाले.

पण उतार सांगितल्यावर हा मुलगा पुढे गेला. त्याने घरचे ८१ आर म्हणजे ८,१०० चौरस मीटर धरले, ६५ मिलिमीटर पावसाने गुणले आणि ५,२६,५०० लिटर काढले. हिशेब मी दोनदा तपासला, बरोबर आहे. आता तो विचारतो आहे की असे दोन पाऊस झाले की दहा लाख लिटर होतात, मग पावणेनऊ लाखांचे तळे गेल्या पावसाळ्यात अर्धेसुद्धा का भरले नाही? यात एककाची चूक मला तरी सापडत नाही.

निवृत्त शाखा अभियंता, परभणी

एककाची चूक नाहीच. त्याने पडलेले सगळे पाणी धरले, तळ्यात मात्र वाहून आलेलेच पाणी जाते. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन पहिले पाऊस नुसते पिऊन टाकते, आणि शेताचा उतार तळ्याकडे नसेल तर वाहणारे पाणीही भलतीकडे जाते. थेट तळ्याच्या तोंडावर पडलेला ६५ मिलिमीटर पाऊस ४०० चौरस मीटरांवर जेमतेम २६ घनमीटर भरतो. किती मुरले आणि किती वाहिले, ते शेतात मोजल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.

म्हणून त्याला एक काम द्या. तीन मीटरच्या बांबूवर दर दहा सेंटिमीटरला रंगाने खूण करून तो वडिलांच्या हातून तळ्यात उभा करावा. मुलाने स्वतः काठावरून आत उतरू नये. ओला कागद अतिशय निसरडा असतो आणि त्यावरून बाहेर येता येत नाही. दर रविवारी काठावरूनच पातळी वाचून वहीत लिहावी. तळे काठोकाठ असताना पातळी एक सेंटिमीटर उतरली तर सुमारे ४,००० लिटर पाणी गेले. तीच पातळी दीड मीटरवर असताना एक सेंटिमीटर म्हणजे २,८९० लिटर. सेंटिमीटर तोच असून लिटर का बदलले, हे त्यालाच आधी विचारा.